अबुधाबी: कमी खर्चात, मध्यम खर्चात आणि मोकळ्या हाताने

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक दुबई-सहलींत अबुधाबीच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी दुबईहून बस सुटते, शेख झायेद मशिदीत दोन तास, फेरारी वर्ल्डच्या लाल छपरासमोर फोटो, एखाद्या मॉलमध्ये जेवण आणि रात्रीच्या आत परत. संयुक्त अरब अमिरातीची राजधानी अशी उरकण्याजोगी नाही. दुबईतला एखादा दिवस कमी करा, पण अबुधाबीला किमान तीन रात्री द्या, असं माझं ठाम मत आहे. खर्चाच्या धाकाने लोक तिथे राहायचं टाळतात. प्रत्यक्षात या शहरातल्या उत्तमातल्या उत्तम गोष्टींना एकतर तिकीटच नाही, किंवा असलं तरी ते झेपेल असं आहे. पैसा खर्च होतो तो तीन गोष्टींवर: तुम्ही कोणत्या महिन्यात जाता, कुठे झोपता आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कसे पोचता.

आधी हिशेब. दिरहम अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर १९९७ पासून बदललेला नाही. म्हणून डॉलरचा त्या दिवशीचा भाव ३.६७ ने भागला की दिरहमचा भाव मिळतो. सध्या तो साधारण चोवीस-पंचवीस रुपये धरून चाला. खालचे आकडे दिरहममध्ये आहेत आणि अंदाजाचे आहेत. तिकिटं काढण्याआधी त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

जायचं कधी? नोव्हेंबर ते मार्च. दिवसा पंचवीसच्या आसपास तापमान, संध्याकाळी समुद्रावरून वारा. जून ते सप्टेंबर पारा पंचेचाळीसकडे जातो आणि समुद्र जवळ असल्याने दमटपणा अंगाला चिकटतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला तिथल्या सरकारची बंदी असते. यावरून उन्हाचा अंदाज करा. उन्हाळ्यात हॉटेलं खूप स्वस्त होतात हे खरं, आणि संग्रहालयं वातानुकूलित असतात हेही खरं; पण वयस्क आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर त्या स्वस्ताईच्या मोहात पडू नका. बसथांब्यापासून दारापर्यंतची दहा मिनिटंही जीव नकोसा करतात. हिवाळ्यातही दोन काळ टाळा: वर्षअखेरीची फॉर्म्युला वन शर्यत आणि नववर्षाचा आठवडा. तेव्हा खोल्यांचे दर दुप्पट होतात. रमजान सध्या हिवाळ्याच्या उत्तरार्धात येतो. तेव्हा दिवसा शहर संथ असतं, अनेक ठिकाणच्या वेळा बदलतात, पण खोल्या स्वस्त मिळतात आणि इफ्तारनंतरची रौनक पाहण्यासारखी असते. शांतपणे फिरणाऱ्याला हा काळ मानवेल.

बॅग भरताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. अमिरातीत खसखस बंदीच्या यादीत आहे. आपल्या घरात ती कुठे-कुठे असते ते आठवा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात. तिकडच्या नातेवाइकांसाठी प्रेमाने बांधलेला फराळाचा डबा विमानतळावर फार मोठ्या अडचणीचं कारण होऊ शकतो. विड्याची पानं आणि गुटखाही नेऊ नका. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामक, खोकल्याच्या औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांचंही तसंच. अशी औषधं लागत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी मूळ वेष्टनासकट जवळ ठेवा आणि परवानगी लागते का, हे निघण्याआधी तपासा. दुसरी गोष्ट, व्हॉट्सअॅपवरून संदेश जातात, पण कॉल तिथे चालत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे पोचल्यावर फोन आला नाही म्हणून कोणी काळजी करणार नाही.

व्हिसा आपल्याला आधीच काढावा लागतो. तो तीस किंवा साठ दिवसांचा मिळतो आणि विमानकंपनी किंवा प्रवासकंपनीमार्फत काढणं सोपं पडतं. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या बाबतीतही तशी तरतूद आहे. मुलं परदेशी असलेल्या आणि त्यांच्याकडे येऊन-जाऊन असणाऱ्या पालकांना याचा उपयोग होतो. अमेरिकेला किंवा युरोपला जाताना एतिहादने प्रवास करणार असाल तर वाटेत अबुधाबीत थांबण्याची त्यांची योजना तिकीट काढताना जरूर विचारा. त्यात ठरावीक हॉटेलांत एक-दोन रात्रींची खोली कंपनी देते. मुंबईहून विमानाला साधारण तीन तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागतं. दुबईही करायची असेल तर जाताना दुबईला उतरा आणि परतीचं विमान अबुधाबीहून घ्या, म्हणजे दीडशे किलोमीटरचा उलटा प्रवास वाचेल.

आता कमी खर्चाचा मार्ग. दुबईतल्या इब्न बतूता स्थानकावरून ई-१०१ आणि अल घुबैबावरून ई-१०० या बसगाड्या अबुधाबीच्या मुख्य बसस्थानकावर येतात. भाडं पंचवीस दिरहमच्या आसपास, वेळ दीड-दोन तास, आणि तिकिटासाठी दुबईचं नोल कार्ड लागतं. अबुधाबीत मेट्रो नाही. शहरात फिरायचं ते बसने, आणि त्यासाठी वेगळं हाफिलात कार्ड घ्यावं लागतं. विमानतळावर आणि बसस्थानकावर त्याची यंत्रं आहेत. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. भाड्याचं सूत्र सोपं आहे: २ दिरहम, अधिक प्रत्येक किलोमीटरला ५ फिल्स. बस थंड असतात, स्वच्छ असतात, फक्त वाट पाहण्याची तयारी हवी.

राहण्यासाठी हमदान स्ट्रीट, इलेक्ट्रा स्ट्रीट आणि जुनं टूरिस्ट क्लब म्हणून ओळखलं जाणारं अल झाहिया हे भाग बघा. नकाशावरची नावं बदलली तरी टॅक्सीवाले आणि दुकानदार ही जुनीच नावं वापरतात. इथे दोन-तीन तारांकित हॉटेलांत दोघांची खोली दीडशे ते अडीचशे दिरहमला मिळते. इमारती जुन्या आहेत, पण खाली उतरलात की मल्याळी खानावळी, पाकिस्तानी तंदूर, फिलिपिनो बेकऱ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चहा. तिथला ‘करक’ म्हणजे वेलदोडा घातलेला, उकळून घट्ट केलेला दुधाचा चहा. एक-दोन दिरहमला कागदी पेला. केरळी थाळी किंवा परोटा-भाजी पंधरा-वीस दिरहमच्या आत, शावरमा दहाच्या आत. शाकाहारी माणसाची अजिबात आबाळ होत नाही. लुलू हायपरमार्केटमध्ये तयार भाजी, पोळ्या, दहीभात वजनावर मिळतो, आणि ही साखळी मूळची याच शहराची. अशा खानावळींत संध्याकाळी जेवायला येणारी माणसं हे शहर उभं करणारी आहेत: सुतार, वायरमन, चालक, नर्सेस. त्यांच्याशी दोन शब्द बोला. अबुधाबीची खरी ओळख मला तरी अशा टेबलांवरच झाली.

दोघांनी खोली वाटून घेतली, बसने फिरलात आणि असं जेवलात तर माणशी रोज दोनशे दिरहमच्या आत भागतं, म्हणजे सुमारे पाच हजार रुपये. एवढ्यात काय-काय पाहता येईल, ते पाहा.

पहिली शेख झायेद मशीद, आणि इथे घाई करू नका. प्रवेश मोफत आहे, पण संकेतस्थळावर नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते. १९९६ साली काम सुरू झालं, २००७ मध्ये मशीद खुली झाली. लहान-मोठे ८२ घुमट, हजाराहून अधिक खांब आणि त्यांवर रंगीत दगडांची जडवलेली वेलबुट्टी. मुख्य दालनातला गालिचा इराणी विणकरांनी हाताने गाठी मारून केलेला. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस मीटरहून जास्त. बांधकामात वापरलेल्या संगमरवरांमध्ये आपल्या राजस्थानातल्या मकरान्याचाही दगड आहे. ज्यांच्या नावाने ती आहे, ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद तिच्याच आवारात चिरविश्रांती घेत आहेत. जायचं ते सूर्यास्ताच्या दीड तास आधी. उन्हात पांढराशुभ्र दिसणारा दगड आधी केशरी होतो आणि अंधार पडला की निळसर. रात्रीची प्रकाशयोजना चंद्राच्या कलेप्रमाणे बदलते, पौर्णिमेला ती सर्वांत उजळ असते. सहलीच्या बसने दुपारी बारा वाजता जाणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. कपड्यांचा नियम कडक आहे: बायकांनी डोकं, हात आणि पाय झाकायचे. पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि ओढणी पुरते. अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवरची साडी चालणार नाही. पुरुषांनी अर्ध्या चड्डीत जाऊ नये. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

मग कॉर्निश, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरचा समुद्रकिनारी रस्ता. चालायला, सायकल चालवायला, वाळूत बसायला जागा मोकळी आहे. त्याच्या पश्चिम टोकाजवळ हेरिटेज व्हिलेज आहे. तिथे तेल सापडण्याआधीचं जगणं मांडून ठेवलं आहे: बकरीच्या केसांचे तंबू, होड्या, विहीर. यालाही तिकीट नाही. सादियात बेटावर २०२३ मध्ये खुलं झालेलं अब्राहमिक फॅमिली हाउस आहे. एका आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग, तिन्ही सारख्या आकाराचे घन, पण प्रत्येकाचा आतला प्रकाश वेगळा. इथेही मोफत प्रवेश आहे.

दुबईच्या महामार्गावर अबू मुरैखा इथे बीएपीएसचं स्वामीनारायण मंदिर आहे. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. जमीन अमिरातीच्या राज्यकर्त्यांनी दिलेली, बाहेरचा गुलाबी वालुकाश्म राजस्थानातला, आणि सात अमिरातींची खूण म्हणून सात शिखरं. शिल्पपट्ट्यांवर रामायण-महाभारताबरोबर इतर संस्कृतींतल्या कथाही कोरलेल्या आहेत. मंदिर शहरापासून बरंच दूर आहे. दुबईहून गाडीने येत असाल तर ते वाटेतच करा. इथेही आधी नोंदणी लागते. सोमवारी ते बंद असतं आणि लूव्र संग्रहालयही सोमवारीच बंद असतं, तेव्हा सोमवार मशीद आणि कॉर्निशसाठी राखा.

मासे खाणाऱ्यांनी मीना बंदराजवळचा मासळीबाजार चुकवू नये. तिथला कनद म्हणजे आपली सुरमई, झुबैदी म्हणजे पापलेट. हमूर हा तिकडचा लाडका मासा. मासा निवडायचा, भाव करायचा, पलीकडे तो साफ करून घ्यायचा आणि लगतच्या भट्टीवाल्याकडे मसाला लावून भाजून घ्यायचा. चौघांचं पोटभर जेवण हॉटेलच्या निम्म्या खर्चात होतं. शेजारी खजुराचा बाजार आहे. खलास, फर्द, सुक्करी अशा जाती चाखून पाहायला दुकानदार स्वतः हातावर ठेवतो. घरी न्यायला याहून चांगली वस्तू नाही.

खर्चाला थोडी सैल मुभा असेल, माणशी रोज साडेचारशे-पाचशे दिरहम, तर पैसे पहिल्यांदा हॉटेलच्या ताऱ्यांवर घालू नका, संग्रहालयांवर घाला. सादियातचं लूव्र अबुधाबी २०१७ मध्ये खुलं झालं. वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी त्यावर १८० मीटर व्यासाचा घुमट ठेवला आहे. आठ थरांची जाळी, त्यात ७,८५० तारे. खजुराच्या झावळ्यांतून ऊन झिरपावं तसा प्रकाश खालच्या पाण्यावर आणि पांढऱ्या भिंतींवर हलत राहतो. आत मांडणी देशावार नाही, काळावार आहे, त्यामुळे एकाच वेळी निरनिराळ्या भागांत माणसं काय घडवत होती हे शेजारी-शेजारी दिसतं. एका दालनात कुराण, बायबल, तोरा आणि बौद्ध सूत्रांची पानं एकत्र आहेत. तिकीट साठ-पासष्ट दिरहम, अठरा वर्षांखालच्यांना मोफत. चार तास द्या, आणि त्यातला एक तास नुसता घुमटाखाली बसण्यासाठी ठेवा.

कसर अल होस्न हा शहराच्या मधोमध असलेला जुना किल्ला, तिकीट तीसच्या आसपास. अठराव्या शतकात गोड्या पाण्यावर पहारा ठेवण्यासाठी बांधलेला बुरूज ही या शहराची सर्वांत जुनी वास्तू, आणि २०१८ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. मराठी माणसाने इथे थोडं रेंगाळावं. या किनाऱ्यावरचे मोती विकायला मुंबईला येत असत आणि मुंबईच्या बाजारातून तांदूळ, कापड, लाकूड तिकडे जात असे. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी हा धंदा बुडवला. तरी रुपया टिकला: १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत असे आणि अबुधाबीत १९६६ पर्यंत तोच रुपया चालत होता. दिरहम आला तो १९७३ मध्ये.

कसर अल वतन हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद २०१९ पासून लोकांना पाहता येतो. भव्य आहे, झगमगीत आहे, आणि वेळ कमी असेल तर वगळला तरी चालेल. त्याऐवजी जुबैल बेटावरच्या तिवरांच्या जंगलात लाकडी पायवाटेवरून फिरा. तिकीट मामुली आहे. भरतीच्या वेळी पायाखाली पाणी येतं, बगळे दिसतात, खेकडे दिसतात. कयाकमधून फिरण्याचीही सोय आहे.

यास बेटावरच्या करमणूक उद्यानांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर वेगाने सुटतो, वॉर्नर ब्रदर्स आणि सीवर्ल्डही उत्तम बांधलेली आहेत. पण एका उद्यानाचं तिकीट माणशी साडेतीनशे दिरहमच्या घरात जातं. चौघांच्या कुटुंबाला एकच दिवस पस्तीस हजार रुपयांना पडतो, तेही खाणं सोडून. मुलं दहा ते सोळा वयाची असतील तर एक उद्यान निवडा, एक दिवस पूर्ण द्या आणि तिकीट आगाऊ ऑनलाइन काढा. फक्त मोठी माणसं असाल तर तो दिवस आणि ते पैसे अल ऐनला द्या.

अल ऐन दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे, आणि तिथे जाणारी बस पंचवीस-तीस दिरहमची आहे, म्हणजे कमी खर्चात फिरणाऱ्यालाही ते सहज जमतं. शहराच्या मधोमध सुमारे १,४७,००० खजुराच्या झाडांचं मरूवन आहे. भुईखालून पाणी आणणाऱ्या ‘फलज’ कालव्यांवर ते जगलं. या प्रदेशातली ही पद्धत तीन हजार वर्षं जुनी आहे. २०११ मध्ये युनेस्कोने अल ऐनला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मरूवनात शिरायला पैसे पडत नाहीत. बाहेर चाळीस अंश असताना आत सावली आणि ओल्या मातीचा वास असतो. जवळच्या अल जाहिली किल्ल्यात विल्फ्रेड थेसिजर या प्रवाशाने उंटांवरून रब अल खालीचं वाळवंट ओलांडलं तेव्हाची छायाचित्रं आहेत.

टॅक्सी मीटरनेच चालते. किमान भाडं बारा दिरहम, आणि चौघे असलात तर बसपेक्षा फार महाग पडत नाही. विमानतळ ते शहर मात्र ऐंशीच्या आसपास मोजावे लागतात. रस्ता कुठूनही ओलांडू नका. चारशे दिरहम दंड आहे आणि तो घेतला जातो. सरकारी इमारतींचे आणि अनोळखी माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

मोकळ्या हाताने खर्च करणाऱ्याला हे शहर हवं तेवढं महाग करून घेता येतं. सादियातच्या किनाऱ्यावरची रिसॉर्ट्स सुंदर आहेत, समुद्र निळा आणि उथळ आहे. एमिरेट्स पॅलेसमध्ये सोन्याचा वर्ख टाकलेली कॉफी मिळते. हौस म्हणून ठीक, चवीत काही फरक नाही. ज्याच्याकडे खरंच पैसे आहेत त्याने ते लिवाला खर्च करावेत. शहरापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर रब अल खाली सुरू होतं, जगातलं सर्वांत मोठं अखंड वाळूचं वाळवंट. अबुधाबीचं राजघराणं मूळचं याच लिवातलं. तिथे वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत कसर अल सराब हे हॉटेल आहे. रात्रीला हजार-दीड हजार दिरहमपासून पुढे. पहाटे टेकडीवर चढून बसलात की दिसेल तिथपर्यंत वाळू असते आणि वाऱ्याखेरीज आवाज नसतो. शहराजवळच्या सफारीत गाड्यांची रांग, बुफे आणि नाच मिळतो, हे मिळत नाही.

हॉटेल परवडत नसेल तरी लिवा सोडू नका. भाड्याची गाडी दिवसाला शंभर-दीडशे दिरहमला मिळते, चौघांत वाटली तर पेट्रोलसकट माणशी सत्तर-ऐंशी पडतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून घ्यावा लागतो. जवळजवळ तीनशे मीटर उंच अशा मोरीब टेकडीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, तिला तिकीट नाही. साधी गाडी डांबर सोडून वाळूत घालू नका. मदिनत झायेदला टाकी भरा, माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्या, आणि उन्हं कलायच्या आत टेकडीपाशी पोचा.